चित्रकलेच्या तासाला चंपारण कसं शिकवावं

पारतंत्र्याचा इतिहास म्हटला की मुलांना चरखा नाहीतर झेंडा रंगवायला देतात. चित्र छान होतं, कळत काहीच नाही. तिसरी-चौथीला मी बिहारमधल्या चंपारणची नीळ, म्हणजे इंग्रजांच्या काळातली निळीची सक्तीची शेती, घेते. दोन तास लागतात.

कागदावर चार बाय पाच असे वीस चौकोन आखून घ्या. पट्टीनेच आखा, घड्या घालून पाच सारखे भाग पडत नाहीत. हा झाला एक बिघा आणि प्रत्येक चौकोन एक कठ्ठा. आपल्याकडे गुंठा, तसं तिकडचं माप.

पहिल्या तासाला प्रत्येकाने आपल्या शेतात घरासाठी हवं ते पिकवायचं. भात, डाळ, भाजी, आंब्याचं झाड, काहीही. पूर्ण तास द्या आणि निळीचा शब्दही काढू नका. आधी सांगितलं तर मुलं तीन चौकोन निमूट मोकळे सोडतात आणि धडा तिथेच संपतो.

दुसऱ्या तासाला तीनकठिया पद्धत सांगा: वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत गोऱ्या मळेवाल्यासाठी नीळच लावायची. कोणते तीन, ते तुम्ही ठरवायचं, मुलाने नाही.

इथे मी दोनदा चुकले. पहिल्या वर्षी अर्धा वर्ग साहेब आणि अर्धा शेतकरी केला. साहेब झालेल्यांना हुकूम सोडण्यात मजा वाटायला लागली, शेतकरी झालेली मुलं रडकुंडीला आली. असं नाटक लहान मुलांकडून करून घेऊ नका, कोणी कितीही सुचवलं तरी. पुढच्या वर्षी चित्रांवरच निळा रंग फासायला लावला. एक मुलगी आंब्याच्या झाडासाठी इतकी रडली की चंपारण बाजूला राहिलं आणि मी तिची समजूत काढत बसले. मुलाचं चित्र कायमचं बिघडवायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं केलं.

आता मी पतंगाचा निळा कागद वापरते. चौकोनाएवढा तुकडा, फक्त वरच्या कडेला डिंक. खालचा भात अंधूक दिसत राहतो, पण तो आपला नाही, हे मुलांना न सांगता कळतं. त्या तुकड्यावर हिरवी पानं काढायला सांगा, कारण निळीचं झुडूप हिरवंच असतं. पानं हौदात आंबवून ते पाणी घुसळलं की निळा रंग तयार होतो. पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ ही नव्हे, ही कापड रंगवायची, हेही सांगाच.

मग एक प्रश्न विचारा: उरलेल्या सतरा कठ्ठ्यांत घर चालेल का? उत्तर देऊ नका, मुलांना बोलू द्या.

शेवटी राजकुमार शुक्ल या शेतकऱ्याने गांधीजींचा पिच्छा पुरवून त्यांना कसं बोलावून आणलं, एप्रिल १९१७मध्ये ते चंपारणमधल्या मोतिहारीला कसे पोहोचले आणि हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या कशा लिहून घेतल्या, ते सांगा. १९१८च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली, असं म्हणाल तेव्हा तिन्ही तुकडे मुलांनीच उचकटायचे. डिंकाचे डाग राहतील. ते खोडायला लावू नका, कागद तसेच भिंतीवर लावा.