जुन्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवताय? मग एकही वायर कापू नका

कार्बुरेटरची मारुती जिप्सी किंग आमच्याकडं पिकअपसारखीच राबते. मागं दुधाचे कॅन, खताची पोती आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या चिखलाच्या वाटा. १९९६ च्या या गाडीचं १.३ लिटरचं इंजिन ६० अश्वशक्तीचं. २००० च्या सुमारास त्याच मापाचं १६ वाल्वचं एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) आलं, ते ८० चं. जुनं इंजिन थकलं की लोक यावर येतात आणि ते बरोबरच आहे. मी अशा पाच गाड्या केल्यात. "इंजिन बसलं की झालं, वायरिंग काय, कुणीही जोडून देतो" असं सांगणाऱ्याकडून मात्र गाडी करून घेऊ नका.

पाना हातात घेण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतले तपशील बदलतील असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर कडक भूमिका घेतली. परवानगी मिळाली नाही तर काम करू नका. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर अपघातानंतर विम्यासाठी दारोदार फिरावं लागतं.

इंजिन सुटं घेऊ नका, अख्खी स्क्रॅप जिप्सी घ्या. बाजारात एस्टीमचं इंजिन स्वस्त मिळतं. घराणं तेच, पण ते आडवं बसणारं आहे, जिप्सीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं. सम्प, मॅनिफोल्ड, माउंटिंग जुळवण्यात वाचवलेले पैसे कधी संपले ते कळत नाही. स्क्रॅप गाडीतून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळे रिले, पेट्रोलची टाकी, ऑक्सिजन सेन्सरसकट सायलेन्सर आणि चावीसुद्धा घ्या. ईसीएम चावीशी बांधलेला असेल तर चावीवाचून तो नुसता पत्र्याचा डबा.

इंजिन उतरवणं-चढवणं हे चेनब्लॉक आणि दोन माणसं असली की दिवसाचं काम. क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बदला.

पेट्रोलची लाइन जुनी ठेवू नका. कार्बुरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आत असतो, इथं अडीच-तीन बार लागतो. साधा रबरी पाइप त्या दाबाला गरम इंजिनशेजारी फुटला तर गाडी पेटते. इंजेक्शनचाच पाइप, इंजेक्शनचीच क्लिप. टाकीही एमपीएफआयचीच बसवा, कारण पंप तिच्या आत असतो आणि चढावर पेट्रोल त्याच्यापासून सरकू नये अशी आत सोय असते.

आता वायरिंग. माझी पहिली गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात झाली. तिथल्या मिस्त्रीनं हार्नेस (वायरींचा जुडगा) "नीटनेटका" करायचा म्हणून लागतील तेवढ्याच वायरी ठेवल्या, बाकी कापल्या. शेडमध्ये इंजिन घड्याळासारखं चाललं. पन्हाळ्याच्या चढाला मात्र हेडलाइट लावले की गाडी मिस मारायची (अडखळत झटके द्यायची), बंद केले की सुधारायची. प्लग बदलले, पंप बदलला, इंजेक्टर धुऊन घेतले. तीन आठवडे गेले. शेवटी अर्थचा (बॅटरीचा निगेटिव्ह पत्र्याला जोडणारा) बोल्ट खोलला, तर रिंगखाली लाल ऑक्साइडच्या रंगाचा जाड थर. गाडी रंगवताना बोल्टाची जागाही रंगवलेली. सॅंडपेपरनं पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, आणि त्याच संध्याकाळी हेडलाइट लावून ज्योतिबाला एका दमात चढली.

सेन्सर पाच व्होल्टच्या हिशेबावर चालतात. अर्थमध्ये अर्धा व्होल्ट अडला तरी ईसीएमचा हिशेब चुकतो, इंजेक्टर उघडायला उशीर करतात. म्हणून बॅटरी ते ब्लॉक आणि ब्लॉक ते चासी अशा दोन जाड, नव्या पट्ट्या टाका. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर कुठंतरी रंग किंवा गंज आहे. तो सापडेपर्यंत पुढं जाऊ नका.

दुसरी चूक याहून जास्त वेळा बघितलीय. ईसीएमचा इग्निशन फीड (चावी फिरवल्यावर मिळणारा करंट) रेडिओच्या लाइनवरून घेतात. ती लाइन सेल्फ मारताना बंद होते. चावी फिरवली की दिवे लागतात, पंप दोन-तीन सेकंद घुं करतो, सेल्फ फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. मग लोक ईसीएम गेला म्हणून नवा आणतात. फीड अशा वायरवरून घ्या जिच्यात सेल्फ फिरत असतानाही बॅटरीवर असतील जवळपास तेवढे व्होल्ट राहतात, आणि हे मीटर लावून बघा. अंदाजावर सोडू नका.

हार्नेस लांब वाटला तरी कापू नका, डॅशबोर्डमागं गुंडाळून बांधा. चेक इंजिनचा दिवाही जोडाच. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो जोडला नसेल तर गाडी काय सांगतेय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

कूलंट भरून हवा काढा, पंखा लागेपर्यंत उभ्या जागी चालवा, पाइपच्या प्रत्येक जोडावर हात फिरवून पेट्रोलचा ओलावा बघा. शंभरेक किलोमीटर झाले की माउंटिंगचे आणि अर्थचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.