गाडी ओढायला घाबरणारा आमचा बर्नीज

स्वित्झर्लंडमधल्या बर्न परिसरात पूर्वी गाडीतून दुधाचे कॅन वाहून नेणाऱ्या ‘बर्नीज माउंटन डॉग’ जातीचा आमचा कुत्रा २ वर्षांचा झाल्यावर, पशुवैद्यांकडून सांधे तपासून घेऊनच, आम्ही त्याला गाडीला जुंपले. पण मागे चाके खडखडताच तो शेपूट घालून पळू लागला. म्हणून आठवडाभर रिकामी गाडी मीच त्याच्या शेजारून ओढली आणि दर चार पावलांनी त्याला चीजचा तुकडा दिला. आवाजाची भीती गेली, तरी वळणावर तो अडे, कारण दोन दांड्यांमध्ये त्याला अंग वाकवता येत नव्हते, हे माझ्या (जरा उशिराच) ध्यानात आले. मग गाडीविना, दोन्ही कुशींना हलक्या काठ्या बांधून, त्याला आडवी पावले टाकायला शिकवले. आता तो बटाट्यांची पिशवी निमूट ओढतो; मांजर दिसले, तर मात्र दोर मलाच आवळून धरावा लागतो.