स्नोमोबाइलच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची तेलकट व्हेंट नळी नव्या वाटेने कशी न्यावी

हूड उघडल्यावर क्लचभोवती किंवा खालच्या पॅनमध्ये काळपट, चिकट तेल दिसले की पहिला संशय इंजिनाच्या सीलवर जातो. टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये (बर्फावर धावणाऱ्या गाडीत) मात्र त्याआधी एक बारीक रबरी नळी तपासून घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायची वाट लहान-मोठी करणारी झडप. तिच्या सोलेनॉइडला, म्हणजे दाबाची वाट बदलणाऱ्या विजेवरच्या छोट्या झडपेला, तीन वाटा असतात. एकीतून सिलिंडरचा दाब आत येतो, दुसरीतून तो बेलोजकडे (रबरी भात्याकडे) जातो आणि तिसरी या बारीक नळीतून बाहेर मोकळी असते. दाबाने बेलोज फुगले की व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह मिटवायची वेळ आली की सोलेनॉइड तोच दाब तिसऱ्या वाटेने सोडून देतो. टू-स्ट्रोकमध्ये तेल इंधनाबरोबरच जळते, त्यामुळे सुटलेल्या प्रत्येक फुंकरीत न जळलेल्या तेलाचे तुषार आणि काजळी असते. थंड नळीत ती निवते आणि टोकातून ठिबकते. थोडे ठिबकणे हा बिघाड नव्हे. ते कुठे ठिबकते, हा खरा प्रश्न.

बेल्टवर तेल गेले तर बेल्ट घसरतो, तापतो आणि चकाकी येऊन वाया जातो. ब्रेक डिस्कवर गेले तर ब्रेक लागणार नाही, म्हणून अशा गाडीवर आधी हे काम करा, मगच फिरायला निघा.

ही नळी प्रत्येक गाडीत नसते. दाबावर चालणाऱ्या आणि सोलेनॉइड असलेल्या रचनेतच, उदाहरणार्थ पोलारिस कंपनीच्या व्हीईएस नावाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडवाल्या रचनेत, ती सापडते. आर्क्टिक कॅट कंपनीच्या एपीव्ही या रचनेत व्हॉल्व्ह सर्वोमोटर आणि केबलने ओढले जातात, तिथे या नळीचा प्रश्नच येत नाही.

सामान फार लागत नाही: आतल्या व्यासाला जुळणारी, तेल आणि इंधन सोसणारी नायट्राइल रबराची साधारण मीटरभर नळी, रबरी अस्तराचे पी-क्लिप (नळी जागच्या जागी धरणाऱ्या पट्ट्या), एक-दोन ग्रोमेट (छिद्राच्या काठाला बसणाऱ्या रबरी कड्या), धारदार ब्लेड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ६० मिलिची सिरिंज. व्यास अंदाजाने घेऊ नका, सोलेनॉइडची तोटी कॅलिपरने मोजा. पारदर्शक पीव्हीसी नळी हाताशी असते म्हणून ती लावण्याचा मोह टाळा. उणे २० अंशांत ती काठीसारखी कडक होते आणि तोटीपाशी तडकते. साधे सिलिकोनही नको, इंधन आणि तेलाने ते फुगते. नायलॉनचे झिप-टायसुद्धा कडाक्याच्या थंडीत तटकन तुटतात, म्हणून पी-क्लिप.

आता काम. इंजिन आणि एक्झॉस्ट पाइप पूर्ण गार होऊ द्या, किल्ली किंवा टेदर (ओढली की इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) काढून ठेवा, डावीकडचा पॅनेल आणि क्लच गार्ड काढा. सोलेनॉइडपासून बोटाने नळीचा माग काढत टोकापर्यंत जा. ही पायरी गाळू नका. इंधन टाकीचा व्हेंट, कूलंट बाटलीची ओव्हरफ्लो नळी आणि तेलटाकीचा व्हेंट दिसायला जवळपास तशाच असतात, आणि चुकीची नळी कापली तर भलतेच दुखणे मागे लागते. तिन्ही नळ्यांवर रंगीत टेप लावा आणि जुनी वाट फोटोत टिपून ठेवा.

जुनी नळी फक्त सोलेनॉइडच्या टोकाकडून काढा. ओढून निघत नसेल तर जोर करू नका, प्लॅस्टिकची तोटी मोडते. नळीला ब्लेडने उभा छेद द्या आणि सोलून काढा, मात्र पाते तोटीला लागू देऊ नका. तोटीच्या तोंडाशी काळा डिंक जमलेला असेल तर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. इथे कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ती सोलेनॉइडमधून बेलोजपर्यंत पोचली तर रबर फाटू शकते.

नव्या वाटेसाठी सगळ्यात मोठा नियम एकच: सोलेनॉइडपासून टोकापर्यंत नळी सतत उतरती हवी. मध्ये एक जरी झोळ पडला तरी तिथे तेल आणि एक्झॉस्टमधले पाणी साचते, रात्रभरात गोठते आणि सकाळी नळीला बूच बसलेला असतो. मग बेलोजमधला दाब सुटायला जागा उरत नाही, व्हॉल्व्ह मिटत नाहीत आणि गाडी खालच्या आरपीएमला मरगळते, थ्रॉटल दिला तरी अडखळते. तेल ठिबकण्यापेक्षा हा त्रास कितीतरी मोठा, शिवाय त्याचे मूळ चटकन लक्षात येत नाही. म्हणूनच टोकाला बूच, फिल्टर किंवा बारीक जाळीही लावू नका. नळी एअरबॉक्सला जोडण्याची शक्कल काही जण लढवतात. तीही नको, काजळी थेट थ्रॉटल बॉडीत जाते.

नळी एक्झॉस्ट पाइपपासून किमान ५ सेंमी लांब ठेवा. जवळून न्यावीच लागली तर त्या भागावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. दोन्ही क्लच आणि बेल्ट यांच्या वर किंवा समोर ती कुठेही येऊ देऊ नका, कारण क्लिप सुटून नळी फिरत्या बेल्टवर पडली तर क्षणात गुंडाळली जाते. साधारण दर १५ सेंमीला एक पी-क्लिप द्या. वळणे रुंद ठेवा. वळणावर बोटाने दाबून पाहा: नळी तिथे चपटी झाली असेल तर वळण मोकळे करा.

टोक काढण्याचे दोन पर्याय आहेत. पहिला, पॅनमधल्या पाणी निघायच्या छिद्रातून नळी बाहेर काढायची. छिद्र नसेल तर ड्रिल करण्याआधी मागे कूलंटचा पाइप किंवा वायर नाही ना ते पाहा. गारठलेल्या पॅनला ड्रिल लावू नका, प्लॅस्टिकला तडा जातो. गाडी आधी उबदार शेडमध्ये आणा. छिद्रात ग्रोमेट बसवा, टोक ४५ अंशांत तिरके कापा आणि फक्त १ ते २ सेंमी बाहेर ठेवा. जास्त लोंबले तर बर्फाच्या ढेकळात अडकून ओढले जाते. टोकाचा कापलेला भाग मागच्या बाजूला वळवा, म्हणजे पुढून येणारा बर्फ त्यात भरत नाही.

दुसरा पर्याय बाटलीचा, आणि जागा असेल तर तोच करावा. ठिबकलेले तेल बर्फावर राहते आणि वसंतात वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते. १०० ते १५० मिलिची तेलाला टिकणारी बाटली सोलेनॉइडपेक्षा खाली आणि क्लचपासून दूर बसवा. नळी झाकणातून आत जेमतेम २ सेंमी सोडा, तळापर्यंत नको, नाहीतर साचलेल्या तेलात तिचे तोंड बुडते. झाकणाला ५-६ मिमीचे दुसरे छिद्र पाडून हवेला वाट ठेवा. बाटली पावपट भरली की रिकामी करा. ते तेल वापरलेल्या तेलाच्या डब्यातच टाका.

सोलेनॉइडला जोडण्याआधी सिरिंजने नळीत हवा ढकला. अजिबात अडथळा जाणवता कामा नये. मग जोडा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि नळी कुठे ताणते का पाहा. क्लचच्या शीव्हज (ज्यांच्यामध्ये बेल्ट बसतो त्या चकत्या) अल्कोहोल आणि घासणीने पुसा. बेल्टवर नुसते वरवर तेल असेल तर कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मुरलेले असेल तर नवा घाला. बेल्टवर ब्रेक क्लीनर फवारू नका. ब्रेक पॅड तेलाने भिजले असतील तर तेही बदलावे लागतात. क्लच गार्ड परत बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

पहिल्या फेरीनंतर हूड उघडून क्लिप आणि टोक पाहा. कडक थंडीच्या रात्रीनंतर सकाळी सिरिंजने नळी पुन्हा तपासा, झोळ राहिला असेल तर तेव्हा कळेल. नळी मोकळी असूनही तेल पूर्वीपेक्षा भराभर येऊ लागले तर ऑइल पंपाची केबल आणि त्यावरच्या खुणा जुळतात का पाहा, आणि व्हॉल्व्ह काढून दांड्याभोवतीचे सील तपासा. सील झिजले की एक्झॉस्टचा वायू थेट बेलोजच्या बाजूला घुसतो. व्हॉल्व्हचे झाकण काढताना आतली स्प्रिंग दाबलेली असते, ते हाताने धरूनच स्क्रू सोडा.