भाड्याच्या आणि जुन्या घराचं वायरिंग कसं तपासायचं: आधी अर्थिंग, मग बाकीचं

सगळे दिवे लागतायत, पंखे फिरतायत, म्हणजे वायरिंग चांगलं आहे असं बहुतेक जण धरून चालतात आणि जुन्या घरात खरी गडबड इथेच होते. दिवा लागायला फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) या दोनच वायरी पुरतात. तिसरी, म्हणजे बिघाड झाला तर करंट जमिनीकडे नेणारी अर्थिंगची वायर, मध्येच कुठेतरी तुटलेली असली तरी घरातलं काहीच बंद पडत नाही, गिझर पाणी तापवतो, फ्रिज चालतो, आणि ज्या दिवशी गिझरच्या आत एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागतो त्या दिवशीच कळतं की अर्थिंग नव्हतंच. म्हणून तपासणी करताना काय चालतंय हे बघण्यापेक्षा काही बिघडलं तर काय होईल हे बघायचं असतं.

तुम्ही स्वतः काय तपासू शकता आणि कुठे थांबायचं ते आधी ठरवा. डोळे, नाक, कान आणि हाताच्या पाठीमागची बाजू एवढ्यावर जेवढं होतं तेवढं कोणीही करावं. बोर्डाचे स्क्रू काढणं, मेन स्विचचं झाकण उघडणं, जॉइंट सोडवणं हे लायसन्स असलेल्या वायरमनचं काम. टेस्टर हातात आहे म्हणून बोर्ड उघडू नका. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे सप्लाय बंद आहे असं होत नाही, टेस्टरच बिघडलेला असू शकतो, आणि कधी शेजारच्या चालू वायरीमुळे बंद वायरीवरही तो मिणमिणतो. चांगला वायरमन आधी चालू पॉइंटवर आपलं मीटर तपासतो, मग बंद केलेल्या वायरीवर लावतो, मग परत चालू पॉइंटवर नेऊन बघतो. हे तो करतोय का तेवढं बघितलं तरी माणूस कसा आहे ते समजतं.

आता घरभर एक फेरी मारा, दिवसा उजेडात. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट किंवा काळे डाग आहेत का, बटण दाबल्यावर चरचर आवाज येतो का, पिन घातली की लटकते का, बोर्डाची प्लेट तडकली आहे का. जास्त लोडचं काही, म्हणजे इस्त्री किंवा हीटर, दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि प्लेटवरून कोरड्या हाताची मागची बाजू फिरवा, कोमट लागली तर चालतं पण हात ठेववत नसेल तर आत जॉइंट ढिला आहे. जळक्या प्लास्टिकचा किंवा कुजक्या माशासारखा वास येत असेल आणि कुठून येतोय ते सापडत नसेल तर तो विषय उद्यावर टाकू नका, मेन बंद करून वायरमनला बोलवा. नळाला किंवा गिझरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तरी तेच, ओलं असल्यामुळे होतं वगैरे म्हणून सोडून द्यायचं नाही, कुठूनतरी करंट उतरतोय म्हणूनच झिणझिण्या येतात.

दिवे मध्येच मंद आणि मध्येच लख्ख होत असतील, किंवा एका खोलीतले मंद आणि दुसऱ्या खोलीतले नेहमीपेक्षा जास्त उजळ, तर न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता असते. तीन फेज येणाऱ्या जुन्या इमारतीत मेनचा न्यूट्रल सुटला तर काही घरांत २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं आणि टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात, आगही लागू शकते. ही तक्रार एकट्या घराची नसते, शेजाऱ्यांनाही विचारा.

मग मेन बोर्डाकडे या. बाहेरून बघूनच बरंच कळतं. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच? किटकॅट म्हणजे वाईटच असं नाही, पण त्यात फ्यूज वायरच्या जागी कोणी जाड तांब्याची तार गुंडाळली असेल तर तो फ्यूज राहिलाच नाही, आता भिंतीतली वायरच फ्यूजसारखी जळणार. खूप जुन्या बोर्डांत न्यूट्रललासुद्धा वेगळा फ्यूज असतो, तो उडाला की दिवा विझतो आणि माणसाला वाटतं सप्लाय गेला, प्रत्यक्षात फेज होल्डरपर्यंत चालूच असतो. असा बोर्ड दिसला तर बदलायलाच सांगा.

एमसीबी असेल तर त्यावरचा आकडा बघा, सी१६, बी६ असं लिहिलेलं असतं. साधारण पद्धत अशी की दिव्यांच्या सर्किटला १.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, सॉकेटला २.५ ची वायर आणि १६ चा, एसीसारख्या मोठ्या लोडला ४ ची. सारखा पडतो म्हणून कोणीतरी १० चा काढून ३२ चा बसवलाय असं जुन्या घरांत वारंवार सापडतं, आणि ही फार घातक गोष्ट आहे, कारण १.५ ची वायर भिंतीत तापून तिचं आवरण वितळेल तरी ३२ चा एमसीबी पडणार नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. हे नीट लक्षात घ्या. माणसाच्या अंगातून ३० मिलीअँपिअरच्या वर करंट काही क्षण गेला तरी जिवाला धोका होऊ शकतो आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला की नाही हे तो सतत तोलत असतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो, फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. बोर्डावर टेस्ट किंवा टी लिहिलेलं छोटं बटण शोधा, बाजूला ३० एमए किंवा ०.०३ ए लिहिलेलं असायला हवं. तिथे १०० किंवा ३०० असेल तर तो आग टाळायला ठीक, शॉकसाठी नाही. कॉम्प्युटर वगैरे बंद करून, घरमालकाला आणि घरच्यांना सांगून बटण दाबा, खाड्कन पडला पाहिजे, नाही पडला तर तो निव्वळ शोभेचा आहे, बदला. हे बटण दर तीन महिन्यांनी तरी दाबावं, वर्षानुवर्षं न हललेलं आतलं मेकॅनिझम जाम होतं. काही जुन्या घरांत ईएलसीबी नावाचा तसाच दिसणारा डबा असतो, त्याचा व्होल्टेजवर चालणारा जुना प्रकार असेल तर तो अर्थच्या वायरीवरच अवलंबून असतो आणि ती तुटली की निकामी, तो काढून नवा आरसीसीबी घ्यायचा. पण आरसीसीबीलाही मर्यादा आहे, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला तुम्ही म्हणजे एक बल्बच वाटता, तो पडणार नाही.

आणि टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं अजिबात नाही. ते बटण आतल्या आत एका रेझिस्टन्समधून करंट सोडतं, घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंधच नसतो.

अर्थिंगवर थोडा जास्त वेळ घालवतो कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. फेज आणि अर्थमध्ये ६० वॉटचा बल्ब लावतात, लख्ख लागला की अर्थिंग ओके म्हणून मोकळे होतात. हिशोब करून बघा, त्या बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ ८८० ओहम असतो, अर्थिंग ५० ओहमचं म्हणजे अगदीच भिकार असलं तरी त्यापुढे ते काहीच नाही, बल्ब लख्खच लागणार. आता खरा बिघाड धरा, गिझरच्या बॉडीला फेज लागला. लूप, म्हणजे फेजपासून बॉडी आणि अर्थिंगमार्गे परत जाणारी करंटची अख्खी वाट, १ ओहमचा असेल तर २३० अँपिअर धावतील आणि सी१६ एमसीबी त्या क्षणी पडेल, त्याला झटक्यात पडायला १६० अँपिअर पुरतात. लूप ५० ओहमचा असेल तर फक्त साडेचार अँपिअर जातील, एमसीबी शांत बसेल आणि गिझरची बॉडी फेजवरच राहील, आरसीसीबी नसेल तर कोणीतरी हात लावेपर्यंत कळणारही नाही. शिवाय अर्थची वायर कुठे तुटलेली असेल तर तोच बल्ब लावताना पुढच्या सगळ्या सॉकेटची अर्थ पिन आणि त्याला जोडलेल्या सगळ्या धातूच्या बॉडी चालू करतो. म्हणून बल्ब नको, लूप इम्पीडन्स मीटरनेच मोजायला सांगा आणि आलेला आकडा लिहून घ्या.

जुन्या घरात आणखी दोन गोष्टी हमखास विचारा. अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपवरून घेतलंय का? पूर्वी सर्रास घ्यायचे. नंतर कोणी प्लंबिंग बदलून मधला तुकडा प्लास्टिकचा टाकला की अर्थिंग तिथेच संपलं, आणि नळाचा वीजपुरवठ्याशी काही संबंध असतो हे प्लंबरच्या ध्यानीमनीही नसतं. दुसरं, तीन भोकांचा सॉकेट आहे पण मागे दोनच वायरी आल्यात आणि अर्थच्या पिनवर न्यूट्रलचाच तुकडा मारलाय असं आहे का? साधा प्लग टेस्टर अशा सॉकेटलाही बरोबर आहे म्हणतो. पण त्या वायरीचा न्यूट्रल मागे कुठे सुटला की मशीनची अख्खी बॉडी फेजवर येते. हे फक्त बोर्ड उघडूनच दिसतं, त्यामुळे प्रत्येक खोलीतला निदान एक आणि बाथरूम-किचनमधले सगळे सॉकेट वायरमनकडून उघडून घ्या.

वायरीच्या वयाचं म्हणाल तर रबर आणि कापडाचं आवरण असलेली जुनी वायर दिसली तर हात लावू नका, ती जागच्या जागी बरी दिसते आणि जरा वाकवली की आवरणाचा भुगा होतो. अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिचे स्क्रू काळानुसार ढिले होतात, गंज धरतो, आणि तांब्याशी नुसतं पिळून जॉइंट मारला असेल तर तो तापणारच. पीव्हीसीची वायरही २५-३० वर्षांच्या पुढे गेली असेल तर मेगर मारल्याशिवाय भरवसा ठेवू नये. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट डीसी सोडून आवरणाचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र, किमान १ मेगाओहम यायलाच हवा, चांगल्या वायरिंगला शेकड्यांत येतो. त्याआधी एलईडी दिवे, डिमर, टीव्ही सगळं काढायला लागतं, नाहीतर ती उपकरणं जातात. जो माणूस काहीच न काढता, एकही बोर्ड न उघडता पंधरा मिनिटांत 'सगळं ओके' म्हणतो त्याने तपासणी केलेलीच नाही, दोन-तीन खोल्यांच्या घरालाही काही तास लागतात.

रिपोर्ट लेखीच घ्या. प्रत्येक सर्किटचं नाव, एमसीबीचा आकडा, वायरीची जाडी, मेगरचं रीडिंग, लूपचं रीडिंग, आरसीसीबी किती मिलीसेकंदात पडला, काय तपासता आलं नाही, आणि सही-तारीख. दोषांची वर्गवारी इंग्लंडमध्ये करतात ती मला फार आवडते: सी१ म्हणजे आत्ता या क्षणी धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारणा केली तर बरं, आणि एफआय म्हणजे आणखी शोध घ्यायला हवा. तिथे २०२० च्या नियमांनी भाड्याच्या घराची तपासणी निदान दर ५ वर्षांनी सक्तीची केली आणि रिपोर्टची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते. तुमच्याकडे कायदा काही म्हणो, ५ वर्षांचं अंतर आणि ही वर्गवारी कुठेही वापरता येते. स्वतःच्या घराला १० वर्षं चालतील, पण छत गळून भिंतीत पाणी मुरलं, घरात पूर आला, फोडाफोडी झाली किंवा नवा एसी लावायचाय तर मुदतीची वाट बघू नका.

भाडेकरूंनी एवढं करा: करार करायच्या आधीच शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा आणि रिपोर्ट मागा, मेन बोर्डाचे आणि डाग पडलेल्या सॉकेटचे फोटो काढून ठेवा, भिंतीतलं वायरिंग आणि बोर्ड मालकाचं, तुम्ही आणलेली उपकरणं तुमची, हे करारात लिहून घ्या. नंतर काही दिसलं तर फोनवर बोलून सोडू नका, फोटोसकट मेसेज पाठवा, म्हणजे तारीख राहते. मालक टाळाटाळ करतोय म्हणून स्वतः वायरिंगला हात लावू नका, तो पॉइंट वापरणं थांबवा. आणि हीटर-गिझर एक्स्टेंशनवर चालवू नका, २००० वॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअर होतात, त्या बारीक वायरीला ते झेपत नाही.

मालकांना एकदम सगळं वायरिंग बदलणं परवडत नसेल तर क्रम असा ठेवा: सी१ त्याच दिवशी, मग मेनचे ढिले जॉइंट आणि अर्थिंग, मग ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, मग बाथरूम आणि किचनची सर्किटं नवीन, बाकीच्या खोल्या नंतर. नवा आरसीसीबी जुन्या वायरिंगवर बसवला की तो पहिल्या दिवसापासून पडायला लागतो आणि वैतागून लोक तो बायपास करायला सांगतात. तसं करू नका. तो पडतोय कारण कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलाय, किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात जोडलाय, किंवा ओलीमुळे गळती आहे. सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चालू करत जा, ज्याच्यावर पडला त्या सर्किटचे सगळे प्लग काढून परत बघा. प्लग काढल्यावर टिकला तर उपकरण खराब, तरीही पडला तर भिंतीतली वायर. न्यूट्रलचा घोळ असेल तर एमसीबी बंद असतानाही तो पडू शकतो, तेव्हा मात्र वायरमनला न्यूट्रल एकेक सोडवूनच शोधावं लागतं. दुरुस्ती झाली की त्याच सर्किटचं मेगर आणि लूपचं रीडिंग परत घ्यायला लावा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहून रिपोर्टची एक प्रत मेन बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी येणाऱ्या वायरमनला तिथूनच सुरुवात करता येईल.