रीफ टँकचे फोटो निळेच का येतात? शटर दाबण्याआधी होणाऱ्या या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरल आणि समुद्री मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्याच्यासमोर उभं राहिलं की हिरवेगार झोआ (बटणासारखे छोटे कोरल), केशरी क्लाउनफिश, टोकं चमकणारं टॉर्च कोरल असं सगळं स्वच्छ दिसतं. फोटोत मात्र निळ्या शाईत बुडवल्यासारखं काहीतरी उमटतं. मग बहुतेक जण नवीन लेन्सच्या शोधात निघतात. पण दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतोच. तो दिव्यात, काचेवर आणि पाण्यात असतो. त्यामुळे आधी टँक तयार करायचा आणि मग कॅमेरा हातात घ्यायचा. हा क्रम उलटा झाला की पुढच्या चुका ओळीने होतात.

निळा दिवा पूर्ण, पांढरा जवळजवळ बंद

सर्वांत मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. रीफच्या एलईडीतला रॉयल ब्लू साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो. कोरलमधली प्रथिनं हा निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. जेलीफिशमधलं असंच हिरवं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळं केलं होतं आणि त्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळालं. डोळा निळ्याला काही मिनिटांत सरावतो आणि ही चमक आपल्याला वेगळी दिसते. कॅमेरा मात्र सरावत नाही. त्याच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल आणि एकच निळा असतो. नुसत्या निळ्या प्रकाशात तो एक पिक्सेल भरून वाहतो आणि उरलेले तीन उपाशी राहतात. फोटो निळा तर येतोच, शिवाय बारकावे नसलेला, चिखल झाल्यासारखा येतो. नंतर एडिटिंगमध्ये निळा कितीही कमी केला तरी जो तपशील टिपलाच गेला नाही तो परत येत नाही.

त्यातून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगजुळणी) ‘ऑटो’वर असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो हाताने १०,००० केल्विनपर्यंतच (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप) जातो आणि नुसत्या निळ्या दिव्याला तेवढा पुरत नाही. उपाय दिव्यातच करावा लागतो. फोटोपुरता पांढरा चॅनल (दिव्यातला त्या रंगाचा वेगळा भाग) वाढवा आणि निळा ३० ते ४० टक्क्यांवर आणा. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा कोरलशेजारी ठेवा. स्क्रीनवर तो पांढऱ्याच्या आसपास दिसेपर्यंत चॅनल जुळवा आणि त्याच तुकड्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहताना एकत्रित आलेखावर विसंबू नका. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख उघडा. निळा उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत (म्हणजे निम्म्या प्रकाशापर्यंत) खाली आणा.

पांढरा प्रकाश १०–१५ मिनिटंच वाढवायचा. मंद प्रकाशाला सरावलेल्या कोरलवर तासन्‌तास पूर्ण पांढरा सोडला तर ते मिटतं, फिकट पडू लागतं. फोटोसाठी प्राण्याला त्रास द्यायचा नाही, ही अट सगळ्यात आधी.

ती चमकच फोटोत हवी असेल तर रस्ता वेगळा: निळा दिवा तसाच ठेवा आणि लेन्सवर पिवळा किंवा केशरी फिल्टर लावा. तो निळा अडवतो, कोरलचा स्वतःचा प्रकाश येऊ देतो. अंदाज घ्यायला आकाशकंदिलाचा पिवळा-केशरी जिलेटीन कागदही चालेल, पण त्याच्या सुरकुत्यांमुळे चित्र मऊ पडतं. कायमचा वापर करायचा तर क्लिपचा फिल्टर घ्या. फिल्टरच्या दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पांढरा दिवाही चालू ठेवणं, मग सगळंच हळदीसारखं पिवळं दिसतं. दुसरी म्हणजे त्याच फिल्टरने ब्लू टँग किंवा क्रोमिस टिपणं. माशाचा निळा रंगच फिल्टरने अडवला जातो आणि मासा काळपट, मेलेला दिसतो. फिल्टर कोरलसाठी; निळ्या माशांसाठी तो काढून ठेवा.

काचेला तिरका कॅमेरा

काच आणि पाणी दोन्ही प्रकाश वाकवतात. कॅमेरा काचेला काटकोनात असेल तर ते जाणवत नाही. थोडा तिरका झाला की कडांना निळी-केशरी झालर येते आणि मध्यभाग तीक्ष्ण असूनही बाजू ओढल्यासारख्या दिसतात. १०–१२ मिलिमीटरच्या जाड काचेत हे जास्तच. काटकोन तपासायची सोपी खूण: तुमच्या लेन्सचं प्रतिबिंब काचेत फ्रेमच्या बरोबर मध्ये दिसलं पाहिजे. ते जुळलं की रबरी हूड काचेला टेकवा. प्रतिबिंबही जाईल आणि हातही स्थिर राहील. वाळूवरचं कोरल वरून वाकून टिपू नका, कॅमेराच त्या उंचीला खाली न्या. बाक दिलेल्या काचेच्या टँकमध्ये सर्वांत सपाट भाग शोधा.

खोलीतले दिवे, टीव्ही, पंख्याखालचा बल्ब सगळं बंद करा. पांढरा शर्टही काचेत दिसतो, गडद कपडे घाला. पोलरायझर लावून हे सगळं सुटेल असं अनेकांना वाटतं. काचेवरची चकाकी तो साधारण ५६ अंशांच्या तिरक्या कोनात सर्वाधिक अडवतो. समोरून काढताना त्याचा उपयोग नाही आणि दीड-दोन स्टॉप प्रकाश मात्र वाया जातो.

काच आतून पुसली का? डोळ्याला न दिसणारा तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर फोटोत धुकं होऊन येतो. मॅग्नेट क्लीनर फिरवण्याआधी त्यात वाळूचा कण अडकलेला नाही ना, हे बोटाने तपासा. एकच कण आडवा ओरखडा काढतो आणि तो पुढे प्रत्येक फोटोत दिसतो. कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके काचेवर ब्लेडने खरवडता येतात, ॲक्रिलिकवर मात्र फक्त प्लास्टिकचं कार्ड वापरा. बाहेरची बाजू आधी ओल्या आणि मग कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. मिठाचा थर कोरड्या कापडाने घासलात तर तो पॉलिशपेपरचं काम करतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. एसीच्या खोलीतून कॅमेरा दमट खोलीत आणला की लेन्सवर लगेच वाफ बसते. तो बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. चिलरवर (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या टँकची काचही दमट दिवसात बाहेरून धुरकटते. ती फोटोआधी पुसत राहावी लागते.

काच घासली आणि लगेच फोटो काढले

घासलेलं शेवाळ आणि हललेली धूळ पाण्यात तरंगत राहते. फ्लॅश असेल तर प्रत्येक कण पांढरा ठिपका होतो. काच आदल्या दिवशी किंवा निदान दोन-तीन तास आधी घासा आणि संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) नवा फिल्टर फ्लॉस (कापसासारखा गाळणीचा थर) घाला. पाणी बाजूच्या लांब काचेतून पाहिल्यावर पिवळसर दिसत असेल तर एक-दोन दिवस आधी ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा. समोरून तो पिवळेपणा कळत नाही, पण फोटोतली पांढरी वाळू लगेच चुगली करते.

फोटोच्या वेळी प्रवाह थांबवावा लागतो, नाहीतर टॉर्च आणि हॅमर कोरलचे तंतू हलून पुसट होतात. इथे घाईत संप भरून वाहतो. क्रम असा ठेवा: आधी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, मग वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप), शेवटी रिटर्न पंप (संपमधलं पाणी टँकमध्ये परत चढवणारा). रिटर्न थांबला की टँकमधलं पाणी संपमध्ये उतरतं. तेवढी जागा संपमध्ये आहे ना, हे नेहमीच्या दिवशीच पाहून ठेवा. स्किमर चालू राहिला तर वाढलेल्या पातळीमुळे त्याचा कप भरून वाहतो. चिलर रिटर्नच्या पाइपवर असेल तर तोही बंद करा. मग फोनवर १५ मिनिटांचा गजर लावा. हा गजर चुकवायचा नाही. भरलेल्या टँकमध्ये प्रवाह नसेल तर ऑक्सिजन झपाट्याने घटतो.

पंप थांबवल्यावर लगेच शटर दाबू नका. प्रवाह बदलला की काही कोरल पॉलिप (फुलासारखे छोटे जीव) आत घेतात. ते पुन्हा फुलायला दोन-चार मिनिटं द्या, तोवर कणही खाली बसतील. आणि चांगल्या फ्रेमसाठी कोरल उचलून दुसऱ्या दगडावर ठेवू नका. झोआ आणि त्याच्याच जातकुळीच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते अत्यंत घातक विष आहे. हात घालणं अटळच असेल तर हातमोजे आणि चष्मा घाला.

फोकस काचेवरच्या ओरखड्यावर

फोटोत ओरखडा ठळक आणि मासा धूसर असेल तर ऑटोफोकसने काच पकडली आहे. सगळ्या फोकस पॉइंटऐवजी एकच पॉइंट निवडा आणि तो माशाच्या डोळ्यावर ठेवा. मॅक्रोमध्ये (अगदी जवळून काढताना) तर मॅन्युअल फोकसच बरा: अंतर ठरवा आणि कॅमेरा मिलिमीटर-मिलिमीटर पुढे-मागे सरकवा.

झोआचा एक पॉलिप जवळून पाहा. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान तबकडी, मध्ये चिरेसारखं तोंड, भोवती तंतूंची झालर, आणि ती झालर तबकडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर उचललेली. प्रत्यक्ष आकाराच्या मॅक्रोवर, फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/११ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) साधारण सव्वा मिलिमीटरच फोकसमध्ये येतं. म्हणजे तोंड तीक्ष्ण आलं की झालर गेली. अर्ध्या आकारावर काढलं तर तेच अंतर सुमारे चार मिलिमीटर होतं. त्यामुळे थोडं मागे जाऊन नंतर कातरलेलं बरं. एफ/२२ लावून सगळं मिळवू पाहाल तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण चित्रच मऊ होईल. एफ/८ ते एफ/११ याच्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही. पंप बंद आणि ट्रायपॉड असेल तर कोरलसाठी १/६० सेकंदाचा शटर पुरतो.

माशांच्या मागे धावणं

माशांना १/२५० निदान हवा. टँग आणि रास या चपळ माशांना १/५००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी करा. थोडा दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. मासा दिसेल तिकडे लेन्स फिरवण्यापेक्षा त्याची वाट ओळखा. फायरफिश आपल्या बिळाच्या तोंडाशी तरंगतो, क्लाउनफिश ॲनिमोनीपासून फार लांब जात नाही, टँग ठरलेल्या दगडांभोवती घिरट्या घालतो. त्या जागी फोकस लावून थांबा आणि मासा काचेला समांतर आला की सलग चार-पाच फोटो घ्या. आधी पोटभर खायला घालू नका. पाणी गढूळ होतं आणि मासे सुस्तावतात. शेवटच्या दोन मिनिटांत चिमूटभर मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) दिलं तर ते पुढे येतात.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की काचेत पांढरा गोळा येतो. वायरलेस ट्रिगरने फ्लॅश टँकच्या वर, किंचित पुढच्या बाजूला ठेवा. एफ/८, आयएसओ २००, शटर १/२००. इथे हालचाल शटर नाही, फ्लॅशची क्षणभराची चमक गोठवते. फ्लॅशला झिपलॉक पिशवी घाला, स्टँडला घट्ट बांधा. कोरलची निळ्यातली चमक मात्र फ्लॅशच्या पांढऱ्या प्रकाशात मावळते.

आडवे पट्टे आणि फोनच्या खोड्या

फोटोवर काळे आडवे पट्टे आले तर एलईडी मंद केलेली असते. अनेक दिवे मंद होताना क्षणाक्षणाला चालू-बंद होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर ते ओळीओळीने पकडतं. शक्य असेल तर चॅनल १०० टक्क्यांच्या जवळ न्या, मेकॅनिकल शटर वापरा किंवा शटर हळू करा.

फोनमध्ये नाईट मोड बंद ठेवा. तो अनेक फ्रेम जोडतो आणि पोहणाऱ्या माशाला दोन शेपट्या फुटतात. जवळ गेल्यावर आपोआप वाइड लेन्सवर जाणारा मॅक्रोही बंद करा. ३० सेंटिमीटरवरून दोन किंवा तीन पट झूम अधिक स्वच्छ येतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. प्रो मोड असेल तर केल्विन हाताने लावा.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन शेवटी आणि कमीत कमी. पीव्हीसीचा तुकडा पांढरा झाला की रंग पुरे. फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) विकायला टाकताना तर हा पीव्हीसीचा तुकडा फोटोतच राहू द्या. घेणाऱ्याला खरा रंग कळतो.

काम संपलं की आधी रिटर्न पंप चालू करा, पाणी स्थिरावलं की वेव्हमेकर आणि चिलर, आणि स्किमर सर्वांत शेवटी. दिव्याचा रोजचा प्रोग्रॅम परत लावला का, ते ॲपमध्ये उघडून पाहा. मग कॅमेरा आणि ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसा. खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब स्क्रूंच्या खाचांत बसतात आणि पावसाळ्यात महिन्याभरात तिथे गंज धरतो.