इंटरनेट कायद्यात संशोधन करायचंय? पुण्यातून सुरुवात अशी करा

इंटरनेटचा कायदा आणि लोकशाही हा विषय शिकवायचा, तर आधी कागदपत्रांची बाजू भक्कम हवी. एलएलबीनंतर किमान 55 टक्क्यांनी एलएलएम आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. नेट परीक्षेच्या कायदा विषयाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. त्यात माहिती तंत्रज्ञान कायदा बौद्धिक संपदेसोबत एकाच घटकात बसवलाय. आवडीचा म्हणून तेवढाच वाचणारे इथेच अडतात. संविधान, गुन्हेगारी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा पक्का करा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून 150 पैकी एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात आणि पीएचडी नोकरी न धरता करता येते.

खरी कसोटी पीएचडीच्या विषयाची. ‘समाजमाध्यमे आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य’ असा विषय घेऊ नका; त्यात पाच प्रबंध मावतात आणि एकही पुरा होत नाही. दुसरा धोका माहितीचा. संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली निघतात, पण 2009 च्या नियमांतला नियम 16 त्यांना गोपनीयतेचं कवच देतो. माहिती अधिकारात मागितले तर याच नियमावर बोट ठेवून नकार येतो. प्रबंधाचा पायाच त्या आदेशांवर ठेवलात, तर तिसऱ्या वर्षी हात रिकामे.

त्यापेक्षा इंटरनेट बंदीचा विषय घ्या. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी सांगितलं, की बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. महाराष्ट्रात त्यानंतर अमरावतीत (नोव्हेंबर 2021) आणि कोल्हापुरात (जून 2023) इंटरनेट बंद झालं. ते आदेश प्रसिद्ध झाले का, त्यात कारणं दिली का, आदेश तपासणारी पुनर्विलोकन समिती कामकाजाच्या पाच दिवसांत बसली का? हा प्रश्न लहान आहे, मोजता येतो आणि थेट लोकशाहीला भिडतो.

हे कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करा आणि 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे नको, गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, कारण इंटरनेट बंदीच्या 2017 च्या नियमांनुसार हा आदेश राज्याच्या गृह सचिवाचा असतो. मजकूर एवढाच: ‘कोल्हापूर जिल्ह्यात जून 2023 मध्ये इंटरनेट सेवा स्थगित करण्याबाबत काढलेल्या आदेशांच्या आणि त्यावरील पुनर्विलोकन समितीच्या निष्कर्षांच्या प्रती मिळाव्यात.’ महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून अमरावतीसाठी वेगळा अर्ज. ‘बंदी का घातली?’ असं विचारू नका. नोंदीत असलेला कागदच मागता येतो, खुलासा नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, मग 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. तिथे वाट पाहावी लागते, म्हणून हे अर्ज पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांतच टाका. बंदीचे नियम नोव्हेंबर 2024 मध्ये बदलले. कोणता आदेश कोणत्या नियमांखालचा, हे तारखेवरून आधी तपासा.

हे आदेश, तक्रारी, पंचनामे बरेचदा मराठीत असतात. इंग्रजीतूनच काम करणाऱ्याला ते वाचता येत नाहीत, तुम्हाला येतात. ही मोठी जमेची बाजू आहे, ती वाया घालवू नका. ऑनलाइन मजकुरासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम 24 मार्च 2015 ला रद्द झालं, त्या खटल्याची ठिणगीही पालघरच्या एका फेसबुक पोस्टवरून पडली होती.

निकाल वाचायला इंडियन कानून हे संकेतस्थळ मोफत आहे. जुने अहवाल आणि सरकारी प्रकाशनं गोखले संस्थेच्या ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात शोधा. डीएनएस म्हणजे काय आणि संकेतस्थळ अडवतात कसं, हे एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याजवळ बसून दोन दुपारी समजून घ्या, नाहीतर प्रबंधात तांत्रिक चुका राहतात.

पहिली नोकरी बहुधा तासिका तत्त्वावर मिळते. तिथे प्रबंधाचा वेळ आधीच राखून ठेवा. लेख छापताना यूजीसी-केअर या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीवर विसंबू नका. ती 2025 मध्ये बंद झाली. पैसे घेऊन दोन दिवसांत छापणारी नियतकालिकं टाळा, मुलाखतीत ती लगेच ओळखली जातात.