विस्मृतीत गेलेल्या गेम शोची नोंद घरच्या घरी कशी करावी

स्टार प्लसवर ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ बक्षिसांच्या कार्यक्रमांची लाटच आली. झी टीव्हीने त्याच वर्षी अनुपम खेर आणि मनीषा कोईराला यांना घेऊन ‘सवाल दस करोड का’ आणला, २००१ मध्ये सोनीवर गोविंदा ‘जीतो छप्पर फाड के’ घेऊन आला आणि स्टार प्लसवरच नीना गुप्ता यांनी ‘कमज़ोर कड़ी कौन’चे सूत्रसंचालन केले. करोडपती आजही चालू आहे. बाकीचे थोड्याच काळात पडद्यावरून गेले, पण सांगली-साताऱ्याच्या घराघरांत रात्रीची जेवणे त्यांच्या वेळा सांभाळून होत होती, हे ज्यांनी पाहिले आहे ते विसरलेले नाहीत. अशा अल्पायुषी कार्यक्रमांचे भाग पुन्हा फारसे दाखवले जात नाहीत, म्हणून त्यांची खरी साधने आपल्या घरातच असतात: माणसांची आठवण आणि माळ्यावरच्या व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट. ही साधने हाताशी आहेत तोवर नोंद करून ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

सुरुवात माणसांपासून करावी, कारण कॅसेट आणखी एक पावसाळा कदाचित थांबेल, आजी-आजोबांची आठवण थांबेलच असे नाही. विचारताना ‘तो कार्यक्रम आठवतो का?’ असे विचारू नये. त्यावर ‘हो, फार छान होता’ एवढेच उत्तर मिळते आणि ते नोंदवण्याजोगे नसते. त्याऐवजी खेळाचे नियम विचारावेत: किती जण उभे असायचे, पैसे कसे वाढायचे, चुकल्यावर काय जायचे, हरलेला माणूस कोणत्या बाजूने बाहेर पडायचा. सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंना मी ‘कमज़ोर कड़ी कौन’बद्दल विचारले, तेव्हा त्यांना एकाही स्पर्धकाचा चेहरा आठवला नाही. मात्र त्यांनी डाव्या तळहाताची पाटी करून उजव्या हाताच्या बोटाने तिच्यावर नाव लिहिले आणि मग ती पाटी माझ्याकडे वळवून धरली. हा कार्यक्रम ‘द वीकेस्ट लिंक’ या ब्रिटिश खेळावर बेतलेला होता आणि त्यात प्रत्येक फेरीनंतर स्पर्धक ज्याला बाहेर काढायचे त्याचे नाव असेच लिहून दाखवत. चेहरे पुसले जातात, पण खेळाची कृती हातात राहते, म्हणून बोलणाऱ्याला करून दाखवायला सांगावे आणि त्या वेळी मोबाइलवर आवाजाबरोबर चित्रणही करून घ्यावे.

काळ ठरवताना वर्ष विचारून उपयोग होत नाही. ‘करोडपती सुरू झाल्यावर की आधी?’, ‘भूजच्या भूकंपाच्या वेळी चालू होता का?’, ‘२००५ च्या महापुराआधी बंद पडला होता का?’ अशा खुणा दिल्या की बहुतेकांना क्रम बरोबर लावता येतो. एवढ्यावर सहा महिन्यांचा टप्पा जरी हाती आला, तरी पुढच्या कामाला पुरतो.

पुढचे काम वाचनालयातले. रोजच्या वर्तमानपत्रांत तेव्हा दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक छापून येत असे, आणि ज्या नगर वाचनालयांनी जुने अंक बांधून ठेवले आहेत तिथे ते अजून पाहता येते. ग्रंथपालांकडे जाताना नेमके महिने सांगावेत, कारण बांधीव फायली जड असतात आणि अख्ख्या वर्षाची मागणी कोणालाच सोयीची नसते. प्रत्येक आठवड्याचा कार्यक्रमाचा वार तेवढा पाहत पुढे जावे, आणि ज्या आठवड्यात नाव दिसेनासे होते त्याच्या पुढचे दोन-तीन आठवडेही तपासावेत, कारण क्रिकेटच्या सामन्यामुळे एखादा भाग नुसताच पुढे ढकललेला असू शकतो. वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान या चार गोष्टी प्रत्येक छायाचित्रासोबत लिहाव्यात.

आता कॅसेट. इथे घाई केली तर उरलेसुरलेही हातचे जाते. झाकणाच्या बाजूचे छोटे बटण दाबून पुढची पट्टी उघडावी आणि खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात पाहावी. तिच्यावर पांढरी भुकटी किंवा जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. वाई, महाबळेश्वर, पाटणच्या दमट हवेत ही बुरशी हमखास आढळते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे ती चालवणाऱ्या यंत्रात, मुळीच घालू नये, कारण बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकार माणसाकडे स्वच्छ करायला द्यावी. पुराचे पाणी लागलेली कॅसेट उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर ठेवू नये, उष्णतेने फीत वाकडी होते आणि मग तिचा उपाय उरत नाही. कॅसेट स्वच्छ दिसत असेल तर कडेवरची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची खुंटी आधी तोडून टाकावी, म्हणजे चुकूनही काही पुसले जाणार नाही. मग ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून सैल करावी.

व्हीसीआर आता नवा मिळत नाही, कारण फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यावर जगात तो कोणी बनवेनासे झाले. त्यामुळे जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करावी, आणि यंत्र घेण्याआधी त्यात आपली नव्हे तर एखादी टाकाऊ कॅसेट चालवून पाहावी. व्हीसीआरची पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. या तिन्ही यूएसबी कॅप्चर उपकरणात (कॅसेटवरचे चित्रण संगणकात पोहोचवणारे छोटे यंत्र) जोडून संगणकावर ओबीएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्रण उतरवावे. आपल्याकडचे रेकॉर्डिंग पाल या दूरचित्रवाणीच्या चित्रपद्धतीचे असते, तेव्हा ७२० बाय ५७६ हा आकार आणि सेकंदाला २५ चौकटी हाच पर्याय निवडावा. एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत निवडली तर रंग जातात आणि चित्र उडते. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हा दोष नाही, प्रत्येक व्हीएचएसमध्ये ती असते, तेव्हा ती कापण्याच्या नादी लागू नये. पहिल्याच फेरीत उतरवून घ्यावे, गंमत म्हणून आधी पाहत बसू नये, कारण जीर्ण फीत कधी कधी एकदाच धड चालते.

जाहिराती तर अजिबात कापू नयेत. पुढच्या आठवड्याची झलक, नव्या मालिकेची घोषणा, एखाद्या सणाच्या सवलतीची जाहिरात यांवरूनच तो भाग कोणत्या महिन्यातला ते ठरते. ज्यांनी रेकॉर्डिंग करताना जाहिरातींच्या वेळी पॉजचे बटण दाबले, त्यांच्या कॅसेटचा काळ लावणे फार अवघड जाते.

सेकंदाला आठ मेगाबिट या दराने उतरवले तर तासाभराच्या चित्रणाला सुमारे साडेतीन जीबी जागा लागते. दोन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पाहिलेल्या सांगलीकराला याचे कारण सांगायला नको. कार्यक्रमाचे हक्क वाहिनीचे असतात, म्हणून पूर्ण भाग इंटरनेटवर चढवू नये, घरच्यांपुरता ठेवावा.

शेवटी तो खेळ खेळून पाहावा, आणि माझ्या मते नोंदीची खरी कसोटी इथेच लागते. कोजागरीला गच्चीवर पाच-सहा जण जमले की पुरे होते. नियम कागदावर पूर्ण वाटतात, पण खेळायला बसले की पहिल्याच फेरीत दोघांना सारखी मते पडतात आणि आता बाहेर कोण जाणार, हा प्रश्न उभा राहतो. ‘द वीकेस्ट लिंक’मध्ये अशा वेळी त्या फेरीत सर्वांत चांगले खेळलेल्या स्पर्धकाचा शब्द अखेरचा असतो. मात्र हे आपण सांगून टाकू नये, आधी मोठ्यांना आठवू द्यावे. नुसते विचारून जे सापडले नव्हते ते खेळाच्या भरात ‘अगं, तसं नव्हतं, आधी बँक म्हणावं लागायचं’ (म्हणजे जमलेले पैसे राखून ठेवायला) अशा वादातून बाहेर येते. हा वाद कोणीतरी शेजारी बसून लिहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी वहीत प्रत्येक नियमापुढे तो कोणी सांगितला, वर्तमानपत्रात किंवा कॅसेटवर त्याला आधार मिळाला का, आणि तो नुसता तर्क आहे का, हे स्पष्ट नोंदवावे. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही तशाच ठेवाव्यात.